प्यूजो २०५ जीटीआय : इंजिनाच्या पुनर्बांधणीतील निवड

फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९८४ मध्ये '२०५ जीटीआय' ही छोटी, चपळ मोटार बाजारात आणली. तिचे इंजिन १५८० घनसेंमीचे व १०५ अश्वशक्तीचे होते. १९८६ मध्ये १९०५ घनसेंमीच्या, १३० अश्वशक्तीच्या इंजिनाची जोड मिळाली. जुनी २०५ पुन्हा उभी करताना कोणते इंजिन बांधावे, हा प्रश्न म्हणूनच उद्भवतो.

वस्तुतः दोहोंच्या सिलिंडरचा व्यास ८३ मिमी असा एकच आहे. भेद आहे तो स्ट्रोकचा. पहिल्यात ७३ मिमी, दुसऱ्यात ८८ मिमी. त्यामुळे पहिले इंजिन चढ्या फेऱ्यांवर खुलते, तर दुसऱ्याची ओढ कमी फेऱ्यांवरही जाणवते. काही हौशी मंडळी '४०५ एमआय १६'चे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन बसवितात. शक्ती वाढते हे खरे, परंतु १९८४ च्या अभिकल्पाचा पुरावा त्या गाडीतून नाहीसा होतो.

मूळ इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असून त्यातील लाइनर बदलता येतात. तेव्हा केवळ झीज झाली म्हणून ते टाकून देणे समर्थनीय ठरत नाही. शिवाय १५८० च्या गाडीस मागे ड्रम ब्रेक होते, १९०५ च्या गाडीस डिस्क. म्हणजे मोठे इंजिन घेतल्यास ब्रेकही बदलणे ओघाने आलेच.