बर्फावरून आणलेलं सांगायचं कुणी?

मागच्या महिन्यात मुरबाडकडच्या एका गावात गटांची बैठक होती. खोपटच्या एसटी स्टँडजवळ आमचं छोटंसं ऑफिस आहे, तिथून सकाळीच निघून मी पोचले. एका गटाची वही सहा वर्षं ज्या ताईंनी लिहिली, त्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि हिशेब सांगायला त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा उभा होता. छान बोलला पोरगा. मग बँकेच्या साहेबांनी विचारलं, "पावसाळ्यात तीन हप्ते उशिरा का?" पोरगा वहीत बघतो, वर बघतो. उत्तर वहीत नव्हतंच. लावणीची मजुरी अडकली होती, आणि ते फक्त आईला ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत मला डॉ. अदिती पंत आठवल्या. तुम्ही म्हणाल, कुठे मुरबाड आणि कुठे अंटार्क्टिका! ऐका तर खरं.

अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाचा खंड. आपल्या देशाच्या चौपटीहून मोठा, आणि त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. तिथे गाव नाही, शेत नाही, मूळचा माणूस नाही. आहेत ती निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रं. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. एकवीस माणसं होती, सगळे पुरुष. दुसऱ्या मोहिमेतही बाई नव्हती.

तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून सुटली. नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. ऐंशीच्या वर माणसं, आणि त्यांत प्रथमच दोन बाया. एक कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, त्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या. दुसऱ्या आपल्या अदिती पंत, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या.

अदितीबाईंचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. घराणं साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचं, वडील अप्पा पंत हे देशाचे राजदूत. घरची परिस्थिती चांगली होती, हे आपण आधीच कबूल करू. पण पैशाने जहाजावर जागा मिळत नाही. सर ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रातल्या जिवांवरचं पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि समुद्राने त्यांना धरलं ते धरलंच. पुण्यात बी.एस्सी., मग हवाई बेटांवरच्या विद्यापीठात शिक्षण, लंडनला डॉक्टरेट, आणि १९७३ च्या सुमारास परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. अंटार्क्टिका त्यानंतर.

तिथे त्या काय बघत होत्या? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. आपल्या रानात गवताचं जे काम, ते समुद्रात यांचं. त्या खाऊन कोळंबीसारखा एक छोटा जीव वाढतो, त्याला क्रिल म्हणतात. क्रिल खाऊन मासे, पेंग्विन आणि थेट देवमासासुद्धा जगतो. गवत किती उगवतं ते कळलं की गुरं किती जगतील ते कळतं, तसाच हिशेब. तो मांडायचा तर ठरावीक खोलीवर बाटली सोडून पाणी वर काढायचं, गाळायचं, गाळणीच्या कागदावर जो हिरवट अंश उरतो तो मोजायचा. परत थोडं पुढे जाऊन तेच. थंडीत, हलत्या जहाजावर. खरं सांगू, ऐकायला धाडस वाटतं, पण बरंचसं काम आपल्या वहीसारखंच आहे: रोज, न चुकता, तारीख टाकून.

आता मुद्द्याचं. हे मोजून आणल्यावर काय? पेटीत ठेवलं तर ते तिथेच मेलं. ते चार जाणकारांपुढे मांडावं लागतं. अंटार्क्टिकाच्या संशोधनाची एक जागतिक समिती आहे, तिला स्कार म्हणतात, १९५८ पासूनची. तिची मोठी परिषद २००४ पासून दर दोन वर्षांनी भरते. जायचं तर आधी काही महिने एका परिच्छेदात कामाचा सारांश पाठवायचा. निवड झाली तर पंधराएक मिनिटं बोलायला मिळतात, नाहीतर आपलं पोस्टर भिंतीवर लावून शेजारी उभं राहायचं. आणि मग प्रश्न येतात. नमुना कुठे घेतला? त्या दिवशी बर्फ किती होता? दुसऱ्यांदा मोजलंत का? या प्रश्नांना उत्तर तोच देतो जो तिथे होता.

म्हणून बायांना जहाजावर न घेणं ही साधी गोष्ट नव्हती. जिला तिथे जाऊच दिलं नाही, तिने दुसऱ्याने आणलेल्या नमुन्यांवर काम करायचं. मग "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" या प्रश्नाला ती काय सांगणार?

आणि हे काही आपल्याच देशातलं नाही. अमेरिकेने १९६९ पर्यंत बाई संशोधकांना आपल्या तळांवर जाऊ दिलं नाही. बायांसाठी सोय नाही, हे कारण ठरलेलं. (सोय म्हणजे संडास-न्हाणीघर. आपल्या पंचायतीतही हे कारण ऐकलंय ना?) त्या वर्षी लोइस जोन्स या बाईंच्या नेतृत्वाखाली चौघींचा गट गेला, खडकांचे नमुने गोळा करायला. नोव्हेंबरात त्या चौघी आणि आणखी दोघी विमानाने थेट दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिलं पाऊल कुणाचं, यावर भांडण नको म्हणून सहाही जणी हातात हात गुंफून एकदमच उतरल्या. मला ही गोष्ट फार आवडते. ब्रिटनच्या संस्थेने तर बाई संशोधकाला तिकडे धाडायला १९८३ उजाडू दिलं, म्हणजे आपल्या दोघी निघाल्या त्याच सुमाराला.

आपल्या देशाचंही यात काही अडकलेलं होतं. अंटार्क्टिकाबद्दल देशादेशांत करार आहे, आणि त्यात मताचा हक्क हवा तर नुसता झेंडा रोवून भागत नाही, तिथे भरीव संशोधन दाखवावं लागतं. पहिल्या दोन मोहिमांच्या जोरावर सप्टेंबर १९८३ मध्ये भारताला तो हक्क मिळाला. तिसऱ्या मोहिमेने दक्षिण गंगोत्री हे केंद्र बांधलं, तिथे बारा जण पहिला हिवाळा राहिले. जहाज मार्च १९८४ मध्ये परतलं, आणि त्याच वर्षी स्कारचं पूर्ण सभासदत्व आलं. त्यामागे कुणीतरी बोटं गारठवून भरलेल्या वह्या होत्या, आणि त्यांतल्या काही या दोघींच्या.

अदितीबाई पाचव्या मोहिमेतही गेल्या. १९९० मध्ये त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. पुढे डॉ. कंवल विल्कू या डॉक्टर बाई तिथे अख्खा हिवाळा राहिल्या. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारती या केंद्रावर ४०३ दिवस राहून आल्या. आणि परिषदाही आपल्या दारी आल्या. २०१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या खडकांवर काम करणारे जगभरचे लोक गोव्यात जमले. एके काळी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूभागाला जोडलेले होते, म्हणून तिथल्या आणि इथल्या दगडांचं नातं लागतं.

२०१६ साली क्वालालंपूरच्या स्कार परिषदेत मात्र एक वेगळंच काम झालं. अंटार्क्टिकावर काम केलेल्या बायांची नावं विकिपीडियावर शोधायला जावं तर फारशी सापडत नव्हती. मग कितीतरी जणांनी मिळून लिहायला घेतलं आणि शंभराहून जास्त बायांची माहिती तिथे चढवली. म्हणजे काम झालं होतं, परिषदेत सांगूनही झालं होतं, तरी नोंद राहिली होती. इतिवृत्तात सूचक-अनुमोदकाचं नाव राहून जातं ना, तसं.

मुरबाडच्या त्या ताईंना मी परवा फोन केला. पुढच्या बैठकीला हिशेब तुम्हीच सांगा, म्हटलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सांगते. पण पोराला बाजूला बसवू का? बेरीज बघायला." म्हटलं, बसवा की.