मोटारसायकलचे पुढचे चाक काढणे व बसवणे

मोटारसायकलचे पुढचे चाक काढणे व पुन्हा बसवणे हे दुचाकीच्या देखभालीतील एक मूलभूत काम असून, साधी हत्यारे हाताशी असल्यास ते घरीही करता येते. ट्यूब असलेल्या टायरचे पंक्चर, टायर बदलणे, झिजलेले ब्रेक शू किंवा चाकाचे बेअरिंग बदलणे ही त्याची नेहमीची कारणे होत. ट्यूबलेस टायरचे साधे पंक्चर मात्र चाक न काढताच बुजवता येते. चाक काढणे अवघड नाही. धोका ते चुकीचे बसवण्यात असतो. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्या चाकाकडे येतो.

रचना

पुढचे चाक फोर्कच्या दोन पायांमध्ये आडव्या आसावर, म्हणजे ॲक्सलवर, फिरते. बहुतेक साध्या गाड्यांत आसाच्या एका टोकाला डोके व दुसऱ्या टोकाला नट असतो. काही गाड्यांत आस फोर्कच्या पायातील आट्यांत बसतो आणि क्लॅम्पच्या बोल्टने आवळलेला असतो. चाक मधोमध राहावे म्हणून बाजूला बुश असतात.

ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक शू एका गोल प्लेटवर बसवलेले असतात. चाक फिरते, प्लेट फिरत नाही. तिला स्थिर ठेवण्यासाठी प्लेटवर खोबण व फोर्कच्या पायाच्या आतील बाजूस तिच्यात बसणारा उंचवटा असतो. काही गाड्यांत त्याऐवजी बोल्टने जोडलेली पट्टी असते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाला जोडलेली तबकडी कॅलिपरमधील दोन पॅडच्या फटीतून फिरते.

चाक काढणे

गाडी सपाट व टणक जमिनीवर हवी. आसाचा नट (त्यात कॉटर पिन असल्यास ती आधी काढून, आणि क्लॅम्प असल्यास त्याचे बोल्ट ढिले करून) चाक जमिनीवर असतानाच थोडा सैल करावा. अधांतरी गाडीवर जोर लावल्यास ती कलंडू शकते. त्यानंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाते. टेकू सायलेन्सरच्या नळीखाली देऊ नये. डबल स्टँड नसलेल्या गाडीला योग्य आधाराखेरीज हात न लावलेलाच बरा.

ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकची केबल, आणि चाकाशी जोडलेली असल्यास स्पीडोमीटरची केबल, सोडवावी. मग नट काढून, चाकाला खालून आधार देत आस बाहेर ओढावा. तो अडकल्यास लाकूड मध्ये धरून हलके ठोकावे. थेट हातोडी मारल्यास आटे बिघडतात. बुश कोणत्या बाजूचा होता, हे तेव्हाच लिहून ठेवावे किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ब्रेकमधील धूळ फुंकू नये. जुन्या शूंमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते.

डिस्क ब्रेकच्या गाडीत चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नये. दट्टे बाहेर येऊन पॅडमधील फट बुजते. सावधगिरी म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी ठेवतात. एबीएस असल्यास चाकाजवळील सेन्सर व त्याची तार जपावी.

पुन्हा बसवणे

आस पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीस शू, ड्रम किंवा तबकडीला लागता कामा नये. बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. ते खरखरत असल्यास बदलण्याची हीच वेळ. टायरवर दिशादर्शक बाण असल्यास तो पुढे जाण्याच्या दिशेने हवा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. फोर्कवरील उंचवटा ब्रेक प्लेटच्या खोबणीत बसला आहे, हे डोळ्यांनी पाहून मगच आस घालावा. तो बसला नसेल तरी चाक मोकळे फिरते आणि काम झाल्यासारखे वाटते. पण पहिला जोराचा ब्रेक लागताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल ओढली जाते, चाक जागीच अडकून चालक पुढे फेकला जाऊ शकतो. बोल्टची पट्टी असल्यास तीही विसरू नये. स्पीडोमीटरच्या गिअरच्या जिभाही चाकाच्या खाचांत बसाव्या लागतात. नट आवळून त्या जबरदस्तीने बसवू गेल्यास वाकतात.

नट प्रथम हाताने लावून गाडी टेकूवरून उतरवावी. पुढचा ब्रेक धरून फोर्क तीन-चार वेळा खाली दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आसावर सरळ बसतात; मग नट व शेवटी क्लॅम्पचे बोल्ट आवळावेत. डिस्कच्या गाडीत फोर्क दाबण्यापूर्वीच लिव्हर पुनःपुन्हा दाबून तो घट्ट लागेपर्यंत थांबावे. पहिले काही दाब पोकळ जातात. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. ५० न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २० किलो वजनाइतका जोर. कॉटर पिन दरवेळी नवी घालावी.

तपासणी

चाक पुन्हा उचलून फिरवावे. ते न अडखळता फिरले पाहिजे व ब्रेक सोडताच मोकळे झाले पाहिजे. ड्रम ब्रेकच्या केबलचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे लावावा. इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत दोन-तीनदा ब्रेक लावून पाहावा, नंतर मोकळ्या जागी सावकाश चालवावी. थोडे अंतर चालवून झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासतात.