टीटीवाय : तारेचे कूळ

टर्मिनलमध्ये काम करणारा माणूस नव्या संगणकावर बसला, की आधी आपली 'बॅशआरसी' किंवा 'झेडएसएचआरसी' फाइल तिथे आणून ठेवतो. तिच्यात लांबलचक आज्ञांना दिलेली दोन-तीन अक्षरी टोपणनावे असतात, प्रॉम्प्ट कसा दिसावा ते लिहिलेले असते आणि पुष्कळदा टर्मिनलची घंटा गप्प करण्याची तजवीजही असते. शेलची, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची, ही मांडामांड संगणकवेड्यांची हौस समजली जाते. मला ते पटत नाही. ही तारायंत्राने लावलेली सवय आहे, आणि तिची भारतातली कथा कोलकात्यात सुरू होते.

कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओ'शॉनेसी यांनी 1839 साली शहराजवळ बांबूंच्या आधाराने 21 मैलांची तार ताणली आणि तिच्यातून खुणा पाठवून पाहिल्या. पलीकडे त्या वाचायचे साधन म्हणजे माणसाची बोटे. विजेचा हलका झटका बोटांना बसला, की त्यावरून संदेश ओळखायचा. कंपनी सरकारला जाग यायला त्यानंतर दहा-अकरा वर्षे लागली. डलहौसीच्या कारकिर्दीत कोलकाता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार उभी राहिली. त्या कामात शिवचंद्र नंदी हे ओ'शॉनेसींचे उजवे हात होते. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ते घ्यायला हवे. मार्च 1854 मध्ये आग्र्याचा संदेश कोलकात्याला पोचला आणि 1855 पासून सामान्य माणसालाही पैसे भरून तार करता येऊ लागली. युरोपातल्या बारीक तारेऐवजी ओ'शॉनेसींनी लोखंडाचे जाड गज वापरले, कारण इथली वादळे आणि इथली हवा वेगळी होती. परके यंत्र आपल्या जागेप्रमाणे लावून घेण्याचे काम पहिल्या दिवसापासूनच सुरू झाले होते.

तारेचे शुल्क शब्दांवर ठरे, म्हणून शब्द आखडते घेणे आले. व्यापारी पेढ्यांनी तारखात्याकडे एका शब्दाचे 'तारेचे पत्ते' नोंदवले आणि ते पत्रांच्या माथ्यावर छापले. सांकेतिक शब्दांचे ग्रंथ निघाले. बेंटलीच्या 1906 च्या ग्रंथात पाच अक्षरांत अख्खे वाक्य मावत असे. पुढे आपल्या तारघरांत शुभेच्छांची यादीच असे. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचा, पलीकडच्याच्या हाती दिवाळीचे किंवा लग्नाचे पूर्ण वाक्य पडायचे. आज शेलमध्ये ज्याला 'एलियस' म्हणतात त्याची रीत हुबेहूब हीच: थोडके लिहा, यंत्रणा ते उलगडून घेईल. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'सा. न. वि. वि.' एवढे लिहून साष्टांग नमस्कारासह विनंती पोचवणारी आपली पत्रे याच जातीची.

केवळ साम्य म्हणजे वंश नव्हे, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. 1970 च्या दशकात बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये एलियस आले, ते कुणा पेढीचा सांकेतिक ग्रंथ पाहून आले असे मी म्हणत नाही. वंश आहे तो यंत्राचा. बेल प्रयोगशाळेत 1969 पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडत गेली, ती टेलिटाइपवर, म्हणजे तारेला जोडलेल्या टंकयंत्रावर. त्यातले प्रसिद्ध 'मॉडेल 33' सेकंदाला 10 अक्षरे छापी आणि त्याच्या कळा जोर देऊन दाबाव्या लागत. ते बनवणारी टेलिटाइप कंपनी आणि बेल प्रयोगशाळा, दोन्ही एकाच टेलिफोन कंपनीच्या घरातल्या. 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही', 'आरएम' अशा दोन अक्षरी आज्ञा त्या संथ तारेवर शोभतात. कंट्रोलसह जी दाबले की वाजणारी घंटा टेलिटाइपवरची खरीखुरी घंटा होती, आणि कंट्रोलसह डी या खुणेचा मूळ अर्थच 'प्रेषण संपले' असा आहे. 'शेल' हे नाव मात्र लुई पूझाँ यांनी त्याआधी, 1960 च्या दशकात एमआयटीमध्ये दिले; फाइलींच्या नावातले 'आरसी' त्यांच्याच 'रनकॉम' या प्रोग्रामवरून आले.

कोलकात्याचीच गोष्ट सांगायची, तर भारतीय सांख्यिकी संस्थेत 1956 साली बसलेल्या 'एचईसी-2एम' या देशातल्या पहिल्या अंकीय संगणकापासून का नको, असेही कोणी विचारील. त्या यंत्राचा मान मोठाच. पण शेलचा प्राण आहे सवाल-जवाब: एक ओळ पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, मग पुढची ओळ. ही चाल गणकयंत्राकडून आली नाही, ती तारबाबूंच्या टेबलावरून आली.

उरला सर्वांत जड आक्षेप. तारेला शब्दांचे पैसे पडत, टेलिटाइप संथ होते. आता दोन्ही अडचणी गेल्या, मग ही आखूड नावे कशाला? शिवाय ज्याला त्यांची सवय जडली तो दुसऱ्याच्या संगणकावर पांगळा होतो. पांगळेपणा खरा आहे, आणि तोही जुनाच: ज्याच्याकडे सांकेतिक ग्रंथ नाही त्याला ती तार म्हणजे निरर्थक अक्षरे. 'बॅश' या शेलने यावर शहाणी तोड काढली आहे. समोर बसून टंकताना एलियस चालते, पण स्क्रिप्ट चालवताना ते आपण मुद्दाम सुरू केल्याशिवाय उलगडत नाही. खाजगी भाषा घरात, चारचौघांत पूर्ण शब्द. आणि काटकसर आजही पैशांचीच असते असे नाही. दिवसातून शंभरदा लागणारी आज्ञा दर वेळी पूर्ण लिहिताना लक्ष हातातल्या कामावरून उडते, आणि चूकही तिथेच होते. म्हणून नवशिक्याने दुसऱ्याची सजवलेली फाइल आयती उचलू नये. आधी महिनाभर साध्या शेलवर काम करावे, हात कुठे अडतो ते पाहावे आणि तेवढ्यालाच नाव द्यावे.

भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आजही 'टीटीवाय' ही तीन अक्षरे टंकली, की तुम्ही कोणत्या टर्मिनलवर बसला आहात ते कळते. ती तीन अक्षरे 'टेलिटाइप' या शब्दातली आहेत.