नोंदवही आणि ठावठिकाणा

‘विमुक्त’ हा शब्द आपण सभांतून, ठरावांतून इतका सहज वापरतो की, कशातून विमुक्त, हे विचारायचे राहूनच जाते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. (मुंबई राज्यात तो १९४९ सालीच गेला होता.) परंतु कायदा रद्द होणे वेगळे आणि त्याखाली भोगलेली शिक्षा कागदावरून पुसली जाणे वेगळे. पहिले झाले, दुसरे झाले नाही.

१८७१ चा मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही कक्षेत आला. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा युक्तिवाद. साहेबाने तो विलायतेहून आणला नव्हता. मनूच्या घरी तो त्याला आयता मिळाला. १९२४ च्या कायद्याचे २३ वे कलम आमच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. जाहीर केलेल्या जमातीतला माणूस ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मभर काळे पाणी. न्यायाधीशाने खास कारण लिहून ठेवले तरच सूट. आणि पासाशिवाय हद्द ओलांडणे हाही गुन्हाच! म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या नावावर केवळ चालण्याची शिक्षा चढली.

१९५८ साली संसदेने परिवीक्षा कायदा केला. कायदा चांगला आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला, कलम १२ प्रमाणे, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीच्या दारात याची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको. पण कलम ४ ला एक अट चिकटलेली आहे: गुन्हेगाराला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचा ठावठिकाणा अथवा नियमित धंदा हवा. वर्गात हे वाचत असताना एका पारधी विद्यार्थ्याने विचारले, “सर, पालाला पत्ता असतो का?” या लोकांना सरकारने पत्ता दिला होता, तो सेटलमेंटचा, काटेरी तारेच्या आतला. तोच त्यांच्या गुन्हेगारीचा पुरावा ठरला. ज्यांचा ठावठिकाणा व्यवस्थेने मोडला त्यांच्याकडेच ती ठावठिकाणा मागते, याला काय म्हणावे?

गंमत अशी की, जन्मजात गुन्हेगारीचा कायदा आमच्यावर लादणाऱ्या इंग्लंडने १९७४ साली स्वतःच्या लोकांसाठी पुनर्वसनाचा कायदा केला. ठराविक मर्यादेतली शिक्षा भोगून काही वर्षे माणूस सरळ राहिला की ती शिक्षा बहुतेक कामांसाठी संपली असे धरले जाते. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. मुख्य वाट वरच्या कोर्टाची. आणि तिथे वकील, तारखांचे बुडालेले रोज, शिवाय पुन्हा जामीनदार.

२०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागास आणि विमुक्त समाजांतल्या निरपराधांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढू नयेत, याची काळजी घ्यावी. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढायला लावला. हे दोन्ही निकाल कार्यकर्त्यांच्या झोळीत असले पाहिजेत. मात्र ज्याची शिक्षा आधीच लिहिली गेली आहे, त्याची पाटी यांनी कोरी होत नाही.

म्हणून शिक्षेच्या आधीच, खालच्या कोर्टात, कलम ४ चा अर्ज द्यावा, असे मी वकील मित्रांना सांगत असतो. ऊसतोड, मध विकणे हा नियमित धंदा का नव्हे? त्यांचे उत्तर ठरलेले: “जामीनदार आणा.” गावातला कोणी पारध्याला जामीन राहत नाही. आजवर दोन खटल्यांत मी उभा राहिलो. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारा मी पहिलाच. मास्तरकी हा नियमित धंदा आहे, एवढे कोर्टाने मान्य केले.