सार्वजनिक बचाव वकिलाची संकल्पना आणि क्लारा फोल्ट्झ

निर्धन आरोपीसाठी शासनाने वेतन देऊन बचाव वकील नेमण्याच्या अमेरिकन पद्धतीचा इतिहास सामान्यतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात उघडलेल्या कार्यालयापासून सांगितला जातो. तथापि क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ यांनी १८९३ मध्येच शिकागोच्या विश्वप्रदर्शनानिमित्त भरलेल्या विधिपरिषदेत ही संकल्पना मांडली होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ‘गोरा पुरुष’ ही अट १८७८ मध्ये रद्द करवून पाच मुलांची ही माता त्या राज्यातील पहिली स्त्री वकील झाली. फिर्यादी पक्षाच्या वकिलास राज्य वेतन देते. मग दोष सिद्ध होईपर्यंत कायदा ज्यास निर्दोष मानतो, त्याच्या वकिलास का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. तो पुस्तकी नव्हता. बिनमोबदल्याचे असे खटले त्यांनी स्वतः लढविले होते. १९१० मध्ये त्यांना शासकीय पद मिळाले, ते मात्र अभियोक्त्याच्या कार्यालयात! १९१४ च्या बचाव कार्यालयाचे प्रमुखपद वॉल्टन वुड यांच्याकडे गेले. पुढे १९१६ च्या सुमारास त्याच शहरातील पोलीस न्यायालयांत मेबल वॉकर विलेब्रँट यांनी स्त्री-आरोपींचा बचाव केला, तोही विनावेतन. फोल्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे बचावविधेयक कॅलिफोर्नियात १९२१ मध्ये संमत झाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.