दूर पल्ल्याची शिकारी रायफल : पहिली जुळणी

मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी साधारण 400 ते 600 यार्डांपर्यंत भरवशाने नेम साधावा, म्हणून सुटे भाग निवडून मागणीबरहुकूम जुळवून घेतलेली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत रुजला, त्यातही कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टॅना, आयडाहो या पश्चिमेकडच्या उघड्या, डोंगराळ राज्यांत. तिथे एल्क, म्यूल हरीण, प्राँगहॉर्न ही जनावरे परवाना काढून, हंगाम पाळून मारता येतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला जवळपास पूर्ण मज्जाव केल्यामुळे मराठी वाचकाची शिकारी रायफलीशी ओळख बहुधा जिम कॉर्बेटच्या .275 रिग्बीपाशीच थांबते. अमेरिकी कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ म्हणजे अनुक्रमांक कोरलेला रिसीव्हर, अर्थात बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा. दुकानातून घेताना तो परवानाधारक विक्रेत्यामार्फत, नोंद करूनच घ्यावा लागतो. नळी, दस्ता, दुर्बीण हे सर्वसाधारणपणे सुटे सामान म्हणून मिळते. जुळणीचा छंद फोफावला तो या सोयीमुळे, आणि एकेक भाग घेता घेता हिशेब हाताबाहेर जातो तोही हिच्यामुळेच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी रायफल म्हणजे कारागिराच्या हातची चैन होती. महायुद्धांतून उरलेल्या माउझर 98 च्या सांगाड्यावर नवी नळी आणि अक्रोडाचा दस्ता चढवायचा, हा तिचा ठरीव मार्ग. पुढे दोन कारखानी रायफलींनी हे काम स्वस्त केले. 1958 च्या सॅव्हेज 110 मध्ये नळी एका मोठ्या नटाने आवळलेली असते, त्यामुळे काडतुसाच्या बैठकीचे अंतर मापक घालून जुळवता येते, दर वेळी लेथ लागत नाही. 1962 च्या रेमिंग्टन 700 चा रिसीव्हर गोल दांड्यातून कातलेला, म्हणून बनवायला सोपा. त्याच्याच मापाचे दस्ते, चाप आणि मॅगझिन इतक्या जणांनी काढले की ते माप आज बाजाराचे प्रमाण झाले आहे. रेमिंग्टनच्या सांगाड्यावर सॅव्हेजच्या पद्धतीची नटवाली नळी बसवली की तिला ‘रेमेज’ म्हणतात, नावही जुळणीचेच! बैठकीची तपासणी मात्र जाणत्या बंदूक-कारागिराकडून करून घ्यावी. तिथली चूक नेमात दिसत नाही, ती तोंडाजवळ फुटते.

पहिली रायफल आखणारा माणूस बहुधा नळीपासून सुरुवात करतो, आणि कमी पैशांत आखणी करायची असेल तर हाच क्रम उलटा करायला हवा. कारण आकड्यांत आहे. 6.5 क्रीडमूर या 2007 साली आलेल्या, आज सर्वत्र मिळणाऱ्या काडतुसाची 143 ग्रेनची, म्हणजे सुमारे सव्वानऊ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला 2,700 फूट वेगाने निघते. 200 यार्डांवर नेम बांधलेला असेल तर 500 यार्डांवर ती सुमारे 45 इंच खाली येते. हे खाली येणे ठाऊक असते. अंतर लेझरने मोजले, दुर्बिणीची कळ तेवढी फिरवली की काम झाले. वारा तसा वागत नाही. ताशी 10 मैलांचा आडवा वारा त्याच गोळीला त्याच अंतरावर सुमारे 16 इंच बाजूला ढकलतो. आता नळीचा हिशेब पाहा. कारखान्यातली बरी रायफल एका कोनीय मिनिटात गोळ्या टाकते, म्हणजे 500 यार्डांवर सव्वापाच इंचांच्या वर्तुळात. महागडी नळी अर्ध्या मिनिटात टाकते. मध्यबिंदूपासून मोजले तर दुप्पट-तिप्पट पैशांनी मिळालेला फायदा जेमतेम 1.3 इंच. उलट वाऱ्याचा अंदाज ताशी 4 मैलांनी चुकला तर गोळी सहा इंचांहून जास्त सरकते, आणि हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टाच मुळी आठ-दहा इंचांचा असतो. शिवाय गोळीला तिथवर पोचायला सेकंदाच्या पाऊण भागाहून थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल सहज टाकते.

म्हणून खर्चाची आखणी काडतुसांच्या खोक्यापासून सुरू करावी. समजा हाताशी 3,000 डॉलर आहेत. जपानच्या होवा कंपनीची 1500 ही नळीसह अ‍ॅक्शन किंवा तिच्या तोडीची दुसरी, आणि वर साधा पण ताठ दस्ता, यात 900 डॉलर जावेत. दुर्बीण आणि तिच्या कड्यांना तेवढेच द्यावेत. कळा फिरवून परत आणल्यावर नेम मूळ जागी येत नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. अंतरमापकाला 300. उरलेल्यांतून, शिकारी काडतूस सुमारे दोन डॉलरला एक धरले तरी, 400 काडतुसे येतात. ही 400 टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून उडवायची नाहीत. पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक घेतले, तो गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन ठाणांचा. त्याची रायफल .22 ची आणि अंतर 50 मीटरचे, तरी शिकाऱ्याला घेण्यासारखे त्यात आहे, कारण डोंगरउतारावर टेबल नसते.

काडतुसाची निवडही याच हिशेबाने करावी. 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम किंवा .300 विंचेस्टर मॅग्नम वाऱ्याला थोडी कमी दाद देतात, हे खरे. पण त्यांचा धक्का क्रीडमूरच्या दीडपट-दुप्पट बसतो, काडतूस महाग पडते आणि खांदा धक्क्याची वाट पाहू लागला की चाप ओढतानाच नेम हलतो. एल्क मारायला मॅग्नमच हवे, हा आक्षेप नेहमीचा. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी .24 इंच व्यासाची, किमान 85 ग्रेनची गोळी चालवून घेतो. ती कमाल शहाणपणाची मर्यादा नव्हे, पण मॅग्नमची सक्ती नाही एवढे त्यातून कळते. लहान काडतूस घेतले तर पल्ला आखूड धरावा. गोळी पोचताना तिचा वेग सेकंदाला 1,800 फुटांखाली गेला की पुष्कळ शिकारी गोळ्या नीट फुलत नाहीत.

मग तयार रायफलच का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘घ्यावी’ असेच आहे. जुळणीला खरा अर्थ येतो तो दोन ठिकाणी. एक, दस्त्याची लांबी आणि गाल टेकायची उंची. आखूड हाताच्या माणसाला ताणून धरावी लागणारी रायफल कितीही नेमकी असली तरी परकीच राहते. दुसरे, नळीतल्या आट्यांचा पीळ. .270 विंचेस्टरच्या जुन्या रायफलींत आटे 10 इंचांत एक वेढा घेतात. दूरवर वेग टिकवणाऱ्या लांब, निमुळत्या गोळ्यांना एवढा पीळ पुरत नाही, त्या डुगडुगतात. क्रीडमूरला म्हणून 8 इंचांत एक वेढा देतात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला बंदी आहे. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पिळाचा प्रश्न तिथे कायद्यानेच पुढे येतो. एकदाच भारी घ्या, पुन्हा घ्यायला नको, हा सल्ला सांगाड्याला आणि दुर्बिणीला लागू पडतो, नळीला नाही. नळी झिजते: मॅग्नमची हजार-दीड हजार गोळ्यांत, क्रीडमूरची दोन-तीन हजारांत. पहिली नळी शिकण्यात संपवायची आहे, हे धरूनच ती निवडावी.

सर्वांत जड आक्षेप मुळावरच आहे. थिओडोर रूझवेल्टने 1887 मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने दूर पल्ल्याच्या शिकारीवर उघड नापसंती नोंदवली आहे. जनावराला धोक्याचा वासही लागू नये एवढ्या अंतरावरून मारणे ही बरोबरीची शिकार नव्हे, असे त्याचे म्हणणे. यंत्राने हा आक्षेप मिटत नाही, उलट वाढतो: अर्ध्या मिनिटाची नळी हातात आली की 800 यार्डांचा मोह होतो. सरावावर पैसे घातलेल्या माणसाला मात्र स्वतःच्या चुका मोजलेल्या असतात. वाऱ्यात दहापैकी नऊ गोळ्या आठ इंचांच्या पत्र्यावर जिथवर लागतात ते त्याचे अंतर, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते 400 च्या अलीकडेच निघते. आयडाहोने तर दुर्बीण आणि पट्ट्यासह 16 पौंडांहून जड बंदूक मोठ्या शिकारीला वर्ज्य ठरवली आहे. कमी खर्चातली पहिली रायफल या अटीच्या जवळपासही जात नाही. नऊ-दहा पौंडांत ती सगळ्या सामानासह बसते, आणि चढावर खांद्याला तेवढेच पुरे होते.