पावसाळा, हळदीचे डाग आणि बोअरचं पाणी: कपडे जास्त दिवस टिकावेत म्हणून धुताना काय करायचं?

जुलै महिन्यात रोडपालीतल्या कुठल्याही सोसायटीकडे मान वर करून पाहा. गॅलरीच्या ग्रिलला, खिडकीच्या दांड्याला, जिन्याच्या कठड्याला, सगळीकडे कपडे. काल धुतलेला शाळेचा युनिफॉर्म आजही ओलाच असतो आणि उद्या सकाळी तो घालायचा असतो. मग तो इस्त्रीखाली वाळवला जातो, पुन्हा धुतला जातो आणि दिवाळीपर्यंत त्याची कॉलर विरते. नवा युनिफॉर्म घ्यायचा म्हणजे पुन्हा खर्च.

कपडे वापरून झिजतात हे खरं, पण धुतानाही ते बरेच झिजतात. वॉशिंग मशीनच्या जाळीत करड्या रंगाचा कापूस साठतो, तो आठवा. त्यातला बराचसा तुमच्याच शर्टांचा आणि टॉवेलांचा असतो. प्रत्येक धुण्यात कपड्याचा थोडा थोडा भाग गळून जातो.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की हा कपडा आज खरंच धुवायला हवा का? आतले कपडे, मोजे आणि घामाने भिजलेला टी-शर्ट रोज धुवायलाच हवा. कोकणातल्या दमटपणात त्यात तडजोड नाही. जीन्स मात्र पाच-सहा वेळा घालून धुतली तरी चालते. तासाभरासाठी घातलेला कुर्ता पंख्याखाली वाऱ्यावर टाकला तरी पुरतं.

धुवायचंच असेल तर कपडे उलटे करा, चेन लावा, बटणं सोडा. उघड्या चेनचे दात शेजारच्या कपड्याला ओरबाडतात. लावलेल्या बटणांमुळे काजांवर ताण येतो. ड्रम ठासून भरू नका, वर हात सहज फिरेल एवढी जागा ठेवा. जीन्ससोबत पातळ ओढणी टाकण्याचा मोह आवरा. आणि मोरीत धुणं होत असेल तर ब्रश कॉलरपुरताच ठेवा. धोपाटण्याने मळ निघतो, पण धागाही तुटतो.

पावडर जास्त, मळ कमी?

असं होत नाही. जास्तीची पावडर खळबळूनही पूर्ण निघत नाही, धाग्यांत अडकून राहते. कपडा कडक होतो, त्यावर मळ लवकर चिकटतो आणि गडद रंगावर पांढरे पट्टे दिसतात. शेवटच्या पाण्यातही फेस येत असेल तर पुढच्या वेळी पावडर कमी करा. फ्रंट लोड मशीनला तर कमी फेसाचीच पावडर लागते.

पाण्याचाही यात हात असतो. नळाला पाणी कमी आलं की टँकर किंवा बोअरवेलवर भागवावं लागतं आणि बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाच्या वडीशी मिळून चिकट साका तयार करतात. पांढरा शर्ट हळूहळू मळकट राखाडी होतो, तो यामुळे. बालदीला आणि नळाला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे असं समजा. अशा पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट बरा. नीळ घातल्याने कपडा स्वच्छ होत नाही, पिवळेपणा फक्त झाकला जातो.

आता हळद. वरणाचा थेंब शर्टावर पडतो, साबण लावला की डाग लाल होतो आणि घरात घबराट उडते. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागलं की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी पद्धत याच गुणावर चालते. साबण धुऊन काढला की डाग पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हात विरतो, कारण कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. त्यामुळे पांढरा सुती कपडा ब्लीचमध्ये बुडवण्याआधी दोन दिवस उन्हात टाकून पाहा. रक्ताच्या डागाला मात्र गार पाणीच, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

रंगीत कपड्यांचं उलट आहे. उन्हाने डाग उडतो तसा रंगही उडतो, म्हणून ते उलटे करून सावलीत वाळवा. ऑगस्ट 2017मध्ये शेजारच्या तळोजा एमआयडीसीत निळे कुत्रे दिसले होते आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. कारखान्यातला रंग त्यांच्या केसांवर वरवर बसला होता. नव्या कपड्यातही असा न मुरलेला रंग असतो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत तोच सुटतो. तेवढ्या वेळा कपडा वेगळा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, हा घरोघरचा समज मात्र खरा नाही. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झाल्यावर नाही.

पावसाळ्यातला कुबट वास

हा वास बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो. जपानी संशोधकांनी 2012मध्ये यामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचं दाखवलं. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याची चंगळ. रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढणं म्हणजे त्याला आमंत्रणच. मशीन थांबलं की लगेच कपडे झटकून काढा. दोरीवर दाटीवाटी न करता दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि पंखा सोडा. घरात वाळत घालताना एक खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर ओल भिंतीला धरते. मशीनचं झाकणही उघडं राहू द्या. वासावर उपाय म्हणून सॉफ्टनर ओतला जातो, पण त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो. कळंबोलीचा स्टील मार्केट आणि हायवे जवळ असल्याने पाऊस उघडला की धूळ येते. कपडे घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

रेशीम आणि लोकर यांना वेगळी वागणूक लागते. दोन्ही प्रथिनांचे धागे आहेत आणि एन्झाइमच्या डिटर्जंटमधली काही एन्झाइम प्रथिनंच तोडतात. साध्या रेशमाला रिठ्याचं पाणी किंवा सौम्य शाम्पू पुरतो. पैठणी घरी धुण्याच्या भानगडीत पडू नये. ती मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

खळ घातलेली सुती साडी महिनोन्‌महिने कपाटात असेल तर ती आत्ताच बाहेर काढा. खळ कसरीला आवडते. ठेवणीतली साडी खळ काढूनच ठेवायची, नेसायच्या आदल्या दिवशी पुन्हा घालता येते.